जर्मनच्या पेपरातलं घर

“नियम म्हणजे नियम, आजी! जर्मनमध्ये नापास, तर दहावीत प्रवेश नाही!” मुख्याध्यापक चौगुल्यांनी तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटला.

“आधी माझ्या नातीनं काय पाप केलंय ते दाखवा!” तानूबाईंचा आवाज त्यांच्याहून चढा.

चौगुल्यांनी पेपर पुढ्यात टाकला. प्रश्न होता, ‘तुमच्या घराचे वर्णन करा.’ मोहिनीनं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये लिहिलं होतं, की आमचं घर शिरवळला आहे, दारात दोन शेळ्या आहेत आणि आजी फार भांडते.

“गाइडमधलं उत्तर पाठ करायला सांगितलं होतं!” चौगुले कडाडले. “बाकीच्या चाळीस मुलांनी बघा कसं लिहिलंय! घर जर्मनीत म्युनिकला, खिडकीबाहेर बर्फ, अंगणात ब्रूनो नावाचा कुत्रा. सगळ्यांना पैकीच्या पैकी!”

“म्हणजे त्यांचं सगळं बरोबर?”

“अक्षर न् अक्षर!”

तानूबाईंनी पदर खोचला आणि जे ऐकून चौगुल्यांनी प्रवेशाच्या अर्जावर सही केली, ते वाक्य बोलल्या, “मग सर, उद्यापासून त्या चाळीस पोरांना आणायला शाळेची बस म्युनिकला धाडा, आणि जी एकटी इथं राहते तिला दहावीत बसवा.”