झोपेची ठेव

एका राज्यात झोप नव्हती. बाकी सगळं होतं. नदी होती, नदीला घाट होता, देवळांना कळस होते, कोठारांत धान्य होतं आणि गादीवर शार्दूलमहाराज होते. पण ज्या दिवशी महाराजांनी अभिषेकाची शपथ घेतली, त्या दिवसापासून राज्यात कुणाचा डोळा म्हणून लागला नव्हता. माणसं अंथरुणावर पडत, कूस बदलत आणि उजाडलं की तशीच उठत. आया अंगाई गाऊन गाऊन घसा बसवून घेत आणि पाळण्यातलं लेकरू टकटका बघत राही. आचारी आमटीत दोनदा मीठ घाली आणि जेवणाऱ्याच्याही ते ध्यानात येत नसे. गादीवाल्यांनी दुकानं मोडून उशांचा कापूस वातींसाठी विकला होता.

त्या राज्याची एक रीत आधी सांगितली पाहिजे. नगराच्या वेशीला दोन दारं होती. आत शिरणाऱ्याला द्वारपाल विचारी, "कोण आलं?" जो "मी आलो" म्हणे, तो उजव्या दाराने जाई. जी "मी आले" म्हणे, ती डाव्या. उजव्या दारामागे घोडे, तलवारी, पोथ्या आणि पंचायती. डाव्या दारामागे चुली, विहिरी, पाळणे आणि खाली घातलेल्या माना. एकदा जे दार लागलं ते जन्माला पुरे. आणि वेशीबाहेर शिंदीच्या केरसुण्या वळणारे लोक राहत, त्यांना दोन्ही दारं बंद. त्यांनी आलो म्हटलं काय, आले म्हटलं काय, द्वारपाल म्हणे, "तिथंच थांबा." नगरातले लोक त्यांच्याच केरसुणीला लक्ष्मी म्हणत, तिला हळदकुंकू वाहत आणि ती वळणाऱ्याची सावली चुकवत. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. सगळे लहानपणापासून तेच पाहत आले होते.

आता महाराजांचं. राणीच्या पोटी आली ती मुलगी. गादीला हवा होता मुलगा, नाहीतर गादी भाऊबंदांच्या घरात जाती. राणीने सुईणीच्या तोंडावर हात ठेवला आणि नगरात साखर वाटली. मुलाचं नाव शार्दूल ठेवलं आणि त्याला वाजतगाजत उजव्या दाराने आत आणलं. मूल बोलू लागलं तशी राणी एकच धडा घोटून घेई, "जेवलो म्हण. खेळलो म्हण. आलो म्हण." मूल म्हणे. जागेपणी ते कधीच चुकलं नाही. पण एका दुपारी झोपेत ते पुटपुटलं, "आई, मी पडले." राणीने ते ऐकलं. दुसऱ्या कुणी ऐकलं नाही, पण तिच्या छातीत धस्स झालं. त्याच दिवशी तिने तंद्रानाथ मांत्रिकाला बोलावून घेतलं. त्यानंतर शार्दूलला झोप अशी आली नाही. साऱ्या राज्याची उडाली ती पुढे, अभिषेकानंतर.

मी त्यांना महाराजच म्हणतो. लोक म्हणत होते, आणि कथा सांगणाराही लोकांतलाच एक असतो.

जागून जागून लोकांची डोकी फिरली, तेव्हा दोष कुणाला द्यायचा हे ठरवायला फार वेळ लागला नाही. प्रधान त्र्यंबक दरबारात उभे राहिले. त्यांचे डोळे कुंकवासारखे लाल होते.

"महाराज, झोप वेशीबाहेरच्यांनी चोरली. पौर्णिमेला त्यांच्या झोपड्यांवर हत्ती घालावेत, असं नगराचं म्हणणं आहे."

"पुरावा?"

"ते वेशीबाहेरचे आहेत."

"हा पुरावा झाला?"

"थकलेल्या माणसांना कुणीतरी हवं असतं, महाराज. ते नसले तर उद्या आपण असू."

महाराजांनी दरबार उठवला. खरं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण एवढं ठाऊक होतं की झोप आधी आपली गेली आणि मग इतरांची. ते बोलावं तर गादी जाणार. न बोलावं तर झोपड्या जाणार, आणि झोपड्यांत माणसं होती. महाराज गच्चीवर येऊन बसले. कठड्यावर एक पिंगळा होता, लहानखुरं घुबड. त्या राज्यात पिंगळा बोले, हे नवल नव्हतं. त्याचं कुणी ऐकत नसे, हेही नवल नव्हतं.

पिंगळा म्हणाला, "मी जागतो म्हणून मला अशुभ ठरवलंत. आता सगळेच जागतात."

"चिडवू नकोस. मी दमलो आहे."

"म्हणूनच सांगतो. झोप चोरीला गेलेली नाही. ती ठेवायला दिलेली आहे. घाटमाथ्यावर तंद्रानाथाची गुहा आहे. तिला तीन दारं. प्रत्येक दार एकच प्रश्न विचारील."

"कोणता?"

"तुमच्या वेशीवर विचारतात तोच."

"मग उत्तर मला तोंडपाठ आहे," महाराज म्हणाले आणि उठले.

साधा अंगरखा घालून ते एकटेच निघाले, पिंगळा खांद्यावर. वेस ओलांडताच उन्हाने घसा कोरडा पडला, म्हणून ते पहिल्याच झोपडीशी थांबले. झोपड्यांच्या कुडांवर शिपायांनी चुन्याच्या फुल्या मारल्या होत्या. हत्तींना कळावं म्हणून. आतल्या बाईचं नाव धुरपा. तिच्या मांडीवर अर्धी वळलेली केरसुणी होती.

"पाणी मिळेल का?"

"आमच्या हातचं चालंल का?"

"चालेल."

धुरपाने केरसुणी खाली ठेवली. मग तिने त्यांना आत घेतलं, दार लोटलं आणि लोटा भरून दिला. तेवढ्यात दारावर थाप पडली. धुरपाने दाराला पाठ लावली. शिपाई परत आले असं तिला वाटलं.

"कोन आलं?"

"घरचंच मानूस हाय. उघड." तो तिचा नवरा भिवा होता, डोक्यावर शिंदीच्या फोकांचा भारा घेऊन. धुरपाचा जीव भांड्यात पडला. महाराजांनी पाणी संपवलं, हात जोडले आणि चालू लागले. त्या बाईने आपल्याला काहीच विचारलं नाही, एवढंच वाटेत त्यांच्या मनात येत राहिलं.

घाटमाथा आला. पहिलं दार लोखंडाचं होतं. ते म्हणालं, "कोण आलं?"

"मी आलो."

दार उघडलं. आत दालनाच्या मधोमध महाराजांच्या आईची तिरडी ठेवलेली होती आणि भोवती राजपुत्रांचे दगडी पुतळे होते. या दालनात ज्याच्या डोळ्यांत पाणी येई, तो दगड होई. महाराज आईच्या पायांशी क्षणभर थांबले आणि कोरड्या डोळ्यांनी पुढे गेले. तिच्या खऱ्या तिरडीपाशीही ते असेच उभे राहिले होते. तेव्हा लोकांनी वाहवा केली होती. आज त्यांना नुसता शीण आला.

दुसरं दार चंदनाचं होतं. "कोण आलं?"

"मी आलो." दार हललं नाही.

"दुसरं उत्तर आहे तुमच्याजवळ," पिंगळा म्हणाला.

महाराजांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज फुटेना. मग फुटला तो चार वर्षांच्या मुलाचा. "मी आले."

दार उघडलं. महाराजांना वाटलं, आता विसावा. आयुष्यभर भिंतीपलीकडे होतं ते हेच. आत झोपाळा होता, आरसे होते, तबकात बांगड्या होत्या. त्यांनी एक हिरवी बांगडी उचलून हातात चढवून पाहिली. तलवारीने रुंद झालेल्या मुठीशी ती अडली. तेवढ्यात भिंती बोलू लागल्या. हिने काय नेसावं, हिने किती हसावं, हिला कुठे द्यावी, हिने केव्हा उठावं. या दालनात जी उलट उत्तर देई, तिची जीभ दगड होई. महाराजांनी बांगडी तबकात ठेवली, मान खाली घातली आणि भिंती संपेपर्यंत चालत राहिले. इथेही तसाच शीण आला. त्यांना फार वाईट वाटलं, कारण आता जायला तिसरी जागा उरली नव्हती.

तिसरं दार साध्या कुडाचं होतं. "कोण आलं?"

"मी आलो." काही नाही. "मी आले." काही नाही. "राजा आला." काही नाही. "राणीची लेक आली." काही नाही. महाराज दारातच खाली बसले. पाय दुखत होते, पाठ दुखत होती आणि जन्मभर मापून बोललेली जीभही दुखत होती.

"उत्तरं पुष्कळ दिलीत. प्रश्न एकदा ऐका," पिंगळा म्हणाला.

दार पुन्हा म्हणालं, "कोण आलं?" आणि महाराजांनी तो प्रश्न जन्मात पहिल्यांदा ऐकला. कोण आला, असं दार विचारत नव्हतं. कोण आली, असंही नाही. वेशीवरचा द्वारपालही नुसतं "कोण आलं" एवढंच विचारत आला होता. आलो की आले, ही निवड ऐकणाऱ्यांची होती. महाराजांना भिवाची थाप आठवली. त्यांनी कपाळ कुडाला टेकलं.

"घरचं माणूस आलंय. फार दमलंय. दार उघड."

दार उघडलं.

आत म्हातारा तंद्रानाथ बसला होता, त्याचेही डोळे लाल. पुढ्यात मातीचा रांजण, तोंडाला फडकं बांधलेलं. आत लहान मुलाच्या श्वासासारखा आवाज येत होता.

"मी चोरली नाही," तंद्रानाथ म्हणाला. "राणीसाहेबांनी ठेवायला दिली. मूल झोपेत खरं बोलतं, तेव्हा याची झोपच काढून ठेव, म्हणाल्या. पुढे ते मूल राजा झालं. राजाला जे मिळत नाही, ते प्रजेलाही मिळत नाही, असा या मंत्राचा नियम आहे. तेव्हापासून मीही जागा आहे."

"फडकं सोडा."

"सोडीन. पण ऐका. झोप आधी राज्याला लागेल, तुम्हाला सर्वांत शेवटी. राज्य जागं होईल तेव्हा तुम्ही गाढ झोपेत असाल आणि बोलत असाल. सारं नगर ऐकेल. गादी राहणार नाही कदाचित."

महाराजांना चुन्याची फुली दिसली. आज पौर्णिमा होती. "ऐकू दे," ते म्हणाले.

फडकं सुटलं. झोप घाट उतरून धुक्यासारखी खाली गेली. तंद्रानाथ बसल्या जागी घोरू लागला. महाराज उतरले ते झोपलेल्या मुलखातून. गवळी म्हशीला टेकून झोपला होता. कळशी नदीच्या घाटावर कलंडली होती आणि पाणी भरणारी तिच्याशेजारीच पडली होती. वेशीबाहेर राज्याचे हत्ती आडवे झाले होते, माहूत त्यांच्या पोटांवर पसरले होते. सर्वांत पुढच्या हत्तीची सोंड धुरपाच्या दारात, शिंदीच्या फोकांवर पडली होती. एक पाऊल आणखी पडतं तर झोपडी गेली असती. महाराजांनी ती सोंड हळूच बाजूला केली, अंगणातल्या चटईवर अंग टाकलं आणि डोळे मिटले.

राज्य दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी उठलं. झोप पुरी झालेल्या माणसाला दुसऱ्याचा राग यायला जरा वेळ लागतो. लोक डोळे चोळत आपले हत्ती शोधायला वेशीबाहेर आले आणि त्यांना महाराज दिसले. केरसुण्यांच्या ढिगाशेजारी, तोंड उघडं टाकून झोपलेले. धुरपा उशाशी बसून माश्या वारत होती.

महाराज झोपेत बोलले. "आई, मी पडले." मग थोडं थांबून, "मी आलो. मी आले. आई, दार उघड ना."

गर्दीत कुजबुज उठली. "पडले म्हणाले? पडले?" प्रधान त्र्यंबक पुढे झाले. "यांना उठवा. आत्ताच्या आत्ता जाब द्यावा लागेल."

धुरपाने तोंडाशी बोट नेलं. प्रधानांशी ती आजवर कधी बोललेली नव्हती.

"नगा उठवू, मालक. लई दमलंय ते."

प्रधानांनी खाली पाहिलं. काल रात्री त्यांनाही लहानपणीची झोप लागली होती आणि आपण झोपेत काय बोललो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं आणि हलक्या आवाजात गर्दीला म्हणाले, "गलका करू नका."

महाराज उठले तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्यांनी सारं सांगितलं आणि मुकुट उतरवून पुढे ठेवला. भाऊबंद तावातावाने बोलले. पण महाराजांनी न्याय बरा दिला होता, हे काहींना पटत होतं. काहींना नुसती भीती वाटली की यांना उतरवलं तर झोप पुन्हा जाईल. राज्य दोन्हींवर चालतं. मुकुट परत डोक्यावर आला आणि हत्ती पिलखान्यात गेले. वेशीच्या दोन दारांमधली भिंत पाडली, ती पाडायला भिवा आणि प्रधान एकाच पहारीला होते असं म्हणतात. मी पाहिलं नाही.

द्वारपाल अजून विचारतो, "कोण आलं?" येणारा म्हणतो, "घरचं माणूस." म्हणायला काहींना अजून जड जातं. पण म्हणतात, आत जातात आणि दिवेलागणीनंतर ते राज्य गाढ झोपतं.

कथा सांगणारंही दमलंय. तुमचा दिवा आता मालवा.