हात मिळवून देणारा कैतान

फार फार पूर्वी समुद्राकाठी एक ख्रिस्ती गाव होतं. तिथली एक रीत होती. मारियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी, वर्षभरात भांडलेल्या माणसांनी देवळात यायचं आणि वेदीसमोर एकमेकांच्या हातात हात द्यायचा. हात दिला की भांडण मिटलं.

हे काम कैतानकडे होतं आणि त्याला त्याचा भारी अभिमान! भांडण बांधाचं असो की विहिरीचं, तो दोघांना दंडाला धरून आणायचा, प्रभूचं एखादं वचन ऐकवायचा आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हातात कोंबायचा. कोण कशाने दुखावलं, हे विचारत बसायला त्याला सवड नसे. उचलली जीभ, लावली टाळ्याला! गाव खूश, कैतानही खूश.

फक्त त्याची थोरली बहीण ब्रिजीत देवळात येईनाशी झाली होती. आई गेल्यावर तिनेच कैतानला वाढवलं होतं. मागच्या सणाला तिचा नवरा इनास अखेरच्या घटका मोजत होता, आणि नेमकी तेव्हाच मिरवणूक वाजतगाजत दारावरून गेली. त्या गोंगाटातच इनासने प्राण सोडला. कैतानने पुढच्या सणाची वाटही पाहिली नाही. वाजंत्र्यांच्या म्होरक्याला त्याने देवळात आणलं, ब्रिजीतचा हात त्याच्या हातात दिला आणि "मिटलं!" म्हणून मोकळा झाला. त्या दिवसापासून ब्रिजीतने भावाशीही बोलणं टाकलं.

चारचौघांत कैतान हसून वेळ मारून नेई. पण तिच्या बंद दारावरून जाताना त्याची पावलं अडत. आईसारखी बहीण जिवंतपणी परकी होत चालली होती. नवा सण तोंडावर आला, तसा तो फादरांकडे गेला.

"फादर, तुम्हीच तिला चार शब्द सांगा. क्षमा करायची आणि पुन्हा मनात धरायचं, हे काही बरं नव्हे."

"ती कशाने दुखावली आहे, कैतान?" म्हाताऱ्या फादरांनी विचारलं.

"वाजंत्रीने. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाचं राहू दे. ती काय म्हणाली?"

"ते... मी विचारलंच नाही," कैतान म्हणाला.

"जा, विचार तिला," फादर म्हणाले. "आणि जाताना तुझी वचनं इथेच ठेवून जा. मला रविवारी उपयोगी पडतील."

कैतान बहिणीच्या ओटीवर जाऊन बसला. "बाय, आज उपदेश नाही. तुला काय लागलं ते सांग. मी ऐकतो."

ब्रिजीत बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली. कैतानच्या जिभेवर पुन्हा पुन्हा काहीतरी यायचं. तो ते गिळायचा.

"वाजंत्र्यांवर माझा राग कधीच नव्हता," अखेर ती म्हणाली. "दारात उभी राहून मी हात जोडत होते, ते तुला. मिरवणुकीच्या पुढे तू होतास. तुला सांगायचं होतं, इनास चाललाय, आत ये. तू ऐकूनच घेतलं नाहीस. म्हणालास, 'बाजूला हो बाय, मातेची मिरवणूक थांबत नाही.' आणि नंतर भलत्याचाच हात माझ्या हातात दिलास."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! गावभरची भांडणं मिटवणाऱ्याला आपल्याच घरातला आपला अपराध ठाऊक नव्हता.

"मला वाटलं..." असं म्हणता म्हणता कैतान थांबला. "चुकलो, बाय," एवढंच तो म्हणाला, आणि सवयीने त्याने हात पुढे केला.

ब्रिजीतने तो घेतला नाही. "आज नको. आज नुसता बस."

तो बसला. ती इनासविषयी बोलत राहिली, सांज होईपर्यंत. ऐकता ऐकता कैतानला रडू फुटलं, आणि नवरा गेल्यापासून प्रथमच ब्रिजीतही मोकळी रडली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. हात मात्र त्याने पुढे केला नाही.

सणाच्या आदल्या दिवशी ब्रिजीत आपण होऊन देवळात आली आणि सगळ्यांदेखत तिने भावाचा हात धरला.

मग कैतानने भांडलेल्या माणसांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, "हात मागाहून. आधी बोला, मी ऐकतोय." त्या वर्षी गावातली भांडणं थोडीच मिटली, पण जी मिटली, ती पुन्हा कुणी उकरून काढली नाहीत.

तात्पर्य: ज्याचं दुःख ऐकून घेतलं नाही, त्याच्याकडे क्षमा मागू नये.