खुंटीवरचा घुमारा

"बुवा, तो खुंटीवरचा पखवाज उद्यापुरता तरी हलवता का?"

मार्तंडाने हे तिसऱ्यांदा विचारलं. सोनबुवा कणीक मळत होते. देवळाच्या मंडपात दुपारची सामसूम होती.

उद्या शिवरात्र. बुवांचा मुलगा भानू जाऊन वर्ष झालेलं, आणि पखवाजाला त्याच्या जागेवर मार्तंड पहिल्यांदाच बसणार होता. आपल्यासारखा हात पंचक्रोशीत कुणाचा नाही, असं तो स्वतःच लोकांना सांगत फिरे. पण आठवडाभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याने 'धा' वाजवून हात उचलला, की मागे गवसणीत झाकलेला भानूचा पखवाज हलकेच घुमे. उद्या भर सभेत असं झालं तर माझा हात थिजेल, त्यापेक्षा मी बसतच नाही, असं त्याने सांगून टाकलं.

"जीभ बरी थिजली नाही कधी तुझी," बुवा म्हणाले. "वाजव."

मार्तंडाने डाव्या तोंडावर थाप मारली. हात उचलला…

खुंटीवरून घुमारा आला.

बुवांनी मार्तंडाच्या पखवाजाच्या डाव्या पुडीवर, त्या कातड्यावर, सूर उतरवायला थापलेल्या कणकेतली चिमूटभर काढून घेतली. "आता मार."

थाप जरा चढी बोलली. मागे सगळं गप्प.

त्यांनी चिमूट परत थापली. पुन्हा घुमारा.

"दोघांचा सूर एक झाला, की न मारलेलं कातडंही हलतं बाबा."

मार्तंड हसला. एवढंच होय, आणि मी लहान पोरासारखा भ्यालो, म्हणाला. बसतो उद्या. आणि ऐटीत आणखी एक थाप दिली.

घुमारा आला. खोल, जड.

त्याचं हसू विरलं. कणकेवाचून कुठल्याही पखवाजाची डावी पुडी इतक्या खालच्या सुरात घुमत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि कणीक काही वर्षभर टिकत नाही. ती वाजवायच्या आधी ताजी लावायची, आणि वाजवून झालं की ज्याने वाजवलं त्यानेच खरवडायची, ही तिथली रीत.

तो उठला. गवसणी सोडली.

पुडीवर कणीक होती. त्याने बोट लावलं…

ओली.

"बुवा… ही तुम्हीच लावलीत ना?"

बुवांनी हातातला गोळा परातीत ठेवला.

"मीच. रोज सकाळी लावतो… संध्याकाळी खरवडायला येतो, तर पुडी पुसून लख्ख. तू बस उद्या. उठताना तुझी तेवढी खरवड."