दरीवरचा झोका आणि करकोच्याचे माप

डोंगराच्या अगदी माथ्यावर एक घनदाट जंगल होते. तिथल्या गवताळ माळावर एक छोटा ससा आपल्या आईबरोबर राहत असे. छोटा हे आपण म्हणायचे बरे का, मुलांनो! त्याला स्वतःला ते मुळीच मान्य नव्हते. सशांमध्ये अशी रीत होती, की ज्याचे कान उभ्या गवताच्या वर दिसू लागले तो मोठा झाला. त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या सशाच्या कानांची टोके गवताच्या वर डोकावू लागली. मग काय विचारता! स्वारी धाकट्या भावंडांना "अरे पोरांनो" म्हणून हाका मारू लागली, आणि आईने अंग चाटायला जवळ ओढले की "लोक बघताहेत" म्हणून दूर सरकू लागली.

मोठे झाल्यावर सशाला एकच गोष्ट करायची होती. त्याला दरीवरच्या झोक्यात बसायचे होते.

हा झोका साधासुधा नव्हता. कड्याच्या टोकाला बेहड्याचे एक प्रचंड झाड दरीवर ओणवे झाले होते. त्याचा बुंधा एवढा रुंद, की गव्यांचा अख्खा कळप त्याच्या आड उभा राहिला तरी अलीकडून एक शिंग दिसू नये. त्या झाडाच्या फांदीला माकडांनी गारंबीचे जाडजूड वेल बांधले होते आणि खाली वेताची मोठी टोपली अडकवली होती. पाऊस संपून आभाळ निवळले की तिथे जत्रा भरे. एक धिप्पाड गवा ती टोपली कपाळाने रेटत रेटत पार मागे नेई, जरासा थांबे, आणि सोडून देई. मग टोपली जी सुटे, ती कड्यावरून थेट दरीवर! खाली पाहावे तर तळ दिसत नसे. घारी खाली उडत आणि झोक्यातले प्राणी त्यांच्या वर असत. एरवी ज्यांच्या तोंडाला खळ नसे ते कोल्हेसुद्धा झोक्यातून उतरले की झाडाखाली नुसते बसून राहत.

पण झोक्यात बसायचे तर आधी करकोच्याच्या पोटाखालून जावे लागे. झाडाच्या मुळाशी एक करकोचा आपल्या लांबलचक पायांवर ताठ उभा असे. ज्याचे डोके त्याच्या पोटाला लागे तो झोक्याकडे जाई. ज्याचे लागत नसे त्याला करकोचा म्हणे, "पुढच्या वर्षी." आडदांड प्राण्यांना तो नुसती मान हलवून सोडी. पिल्ले रडत, आया हुज्जत घालत, पण हा आपला समोर दरीकडे पाहत उभा. वाकून पोटाखाली पाहायची त्याला सवयच नव्हती. पोटाला काय लागते त्यावरून तो ओळखे.

जत्रेच्या दिवशी ससा आणि त्याची आई भल्या सकाळी रांगेत उभे राहिले. माळावरून निघताना ससा उड्या मारत होता. पण झाडाजवळ आल्यावर त्याने मान वर करून पाहिले, आणि त्याच्या उड्या थांबल्या. टोपली दरीवर गेली की इतकी लहान दिसे, की ती परत येईल यावर विश्वासच बसेना. आणि ती परत येताना वाऱ्याचा असा आवाज होई, की पायांखालची जमीन हलल्यासारखी वाटे. सशाचे कान आपोआप पाठीला चिकटले. तसाच तो करकोच्याच्या पोटाखालून गेला. कुठेच काही लागले नाही.

"पुढच्या वर्षी," करकोचा म्हणाला.

"अहो, पुढच्या वर्षी काय?" आई पुढे सरसावली. "मोठा झालाय तो! गवताच्या वर कान दिसतात त्याचे."

"डोकं लागायला हवं, बाई. कान नकोत."

"का म्हणून? कान काय परक्याचे आहेत? आमच्यात उंची कानांसकटच मोजतात."

"तुमच्यात काय चालतं ते झोक्याला ठाऊक नाही," करकोचा म्हणाला आणि त्याने पुन्हा दरीकडे नजर लावली.

सशाचे डोळे भरून आले. रांगेतली माकडे दात विचकून हसली, आणि ते काही आईला सहन झाले नाही. तिने सशाला ओढत ओढत रांगेच्या शेवटी नेले आणि हळूच सांगितले, "रडू नकोस. या खेपेला कान ताठ ठेव. आणि पोटाखालून जाताना जरा चवड्यांवर हो."

"आई, चालेल ना?"

"न चालायला काय झालं? आपण कुणाचं काही चोरत नाही. कान तुझेच आहेत."

आईच म्हणते म्हटल्यावर सशाचा जीव भांड्यात पडला. पुन्हा पाळी आली तेव्हा त्याने कान असे ताठ केले, की जणू दोन काड्याच रोवल्या आहेत. करकोच्याच्या पोटाला खालून गुदगुली झाली. त्याने दरीवरची नजर न हलवता म्हटले, "जा."

टोपलीत सशाच्या शेजारी एक म्हातारे अस्वल येऊन बसले. त्याच्या अंगावरचे केस विरळ झाले होते आणि ते सारखे डोळे बारीक करून पाहत होते.

"पहिल्यांदाच का रे?" अस्वलाने विचारले.

"हो, अस्वलआजोबा. तुम्ही?"

"मीही पहिल्यांदाच. पूर्वी माझं वजन पेलतील असे वेल नव्हते. यंदा माकडांनी जाड वेल बांधले, तेव्हा कुठे माझी वर्णी लागली. झोका खूप उंच गेला, की डोंगरांच्या पलीकडे समुद्र दिसतो म्हणतात. माझे डोळे चाललेत बघ. आता जवळचं धड दिसत नाही, लांबचं तेवढं अजून दिसतं. तेही जायच्या आत एकदा समुद्र बघून घ्यावा म्हटलं."

समुद्र म्हणजे काय हे सशाला माहीत नव्हते. त्याला विचारायचे होते, पण तेवढ्यात माकडांनी सगळ्यांसमोर एक आडवा बांबू बसवला. रीत अशी, की बांबू काखेत घट्ट धरायचा आणि पाय टोपलीच्या तळाला टेकवायचे. अस्वलाने तसेच केले. पलीकडच्या भेकरानेही पुढचे पाय बांबूवर टाकून तो छातीशी घेतला. आमच्या सशाच्या मात्र बांबू आला कपाळासमोर. कान तेवढे बांबूच्या वर राहिले. पाय हवेत लोंबत होते. हे काहीतरी चुकते आहे असे त्याला वाटले. करकोच्याला हाक मारावी म्हणून त्याने तोंडही उघडले. पण खाली आई उभी होती, आणि शेजारच्या माकडिणीला ती अभिमानाने सांगत होती, "तो बघा, तो माझा!" ससा गप्प बसला. त्याने खालून हात घालून बांबू जमेल तसा पकडला.

गव्याने टोपली मागे रेटली. जरासा थांबला. आणि सोडली.

अहाहा! पायांखालून जंगल गेले, झाड गेले, कडा गेला, आणि एकदम काहीच उरले नाही. नुसती दरी! हिरवी, निळी, खोल खोल दरी. तिच्या तळाशी नदी एवढीशी दिसत होती, आणि तिच्यावर ढगांच्या सावल्या चालल्या होत्या. एक ढग तर टोपलीच्या खालून गेला. आपण जगतो ते जग एवढे मोठे आहे, हे सशाला तोवर कुणी सांगितलेच नव्हते. टोपली मागे आली, गव्याने पुन्हा जोर लावला, आणि ती आणखी उंच गेली. नंतर त्याहूनही उंच.

वारा आता समोरून असा आला, की सशाचे ताठ कान पाठीला सपाट झाले. टोपली सगळ्यात वरच्या टोकाला पोचली आणि कलली. एका निमिषासाठी सगळ्यांचेच अंग हलके होऊन जागेवरून उचलले गेले. भेकराला बांबूने अडवले. अस्वलाला बांबूने अडवले. सशाला अडवायला तिथे काही नव्हते. तो बांबूच्या खालून घसरला, त्याचे हात सुटले, आणि त्याचे मागचे पाय टोपलीच्या काठाबाहेर गेले.

अस्वलाने पाहिले मात्र. त्याने बांबू सोडून एका पंजाने सशाची मानगूट धरली, आत ओढले आणि छातीशी गच्च दाबले. दुसऱ्या हाताने वेल पकडून त्याने दरीकडे पाठ केली. त्याची पाठ म्हणजे एक भिंतच झाली. भेकर किंचाळले, "थांबवा! थांबवा!" खाली आईने तो आवाज ऐकला आणि ती गव्याच्या पायांशी धावली. पण दरीवर गेलेला झोका कुणाला थांबवता येतो, मुलांनो? गव्याने जोर लावायचे बंद केले एवढेच. झोका आपल्या आपण मंदावेपर्यंत वाट पाहणेच सगळ्यांच्या हाती होते. झोका वर जाई तेव्हा सगळा भार अस्वलाच्या त्या एका हातावर येई, पण त्याची पकड सैल झाली नाही. ते खाली मान घालून सशाकडेच पाहत होते.

आणि ससा अस्वलाच्या खांद्यावरून दरीकडे पाहत होता. भीतीने त्याला डोळे मिटायचेही सुचले नव्हते. त्याच वेळी त्याला डोंगरांच्या पलीकडे, खूप खूप लांब, काहीतरी दिसले. ते चमकत होते. ते आभाळ नव्हते, कारण आभाळ त्याच्या वर होते. जमीन नव्हती, कारण जमीन तिथे संपत होती. ससा घाबरला होता हे खरे, पण ते पाहताना तो घाबरायचे विसरला. झोका एकदा खाली जाऊन परत वर आला तेव्हा ते पुन्हा दिसले. मग झोका मंदावला आणि ते दिसेनासे झाले.

टोपली थांबली तेव्हा सारी जत्रा तिच्याभोवती गोळा झाली. मघाशी हसलेली माकडेच बांबू काढायला धावली. आईने सशाला ओढून घेतले आणि ती त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटत सुटली. या वेळी त्याने अंग चोरले नाही. करकोचा कधी नव्हे तो आपली जागा सोडून टोपलीपाशी आला. त्याने वाकून सशाकडे नीट पाहिले, मग बांबूकडे पाहिले.

"चूक माझीही आहे," तो आईला म्हणाला. "मी खाली पाहायला हवं होतं."

आईने मान वर केली नाही. "मीच त्याला शिकवलं हो," ती रडत म्हणाली. "माझ्या पोराला सगळे हसले, ते माझ्याच्यानं बघवलं नाही."

करकोचा अस्वलाकडे वळला. "तुम्ही पुन्हा बसा. रांगेत उभं राहायला नको."

अस्वलाने हात उचलून पाहिले. दोन्ही हात खांद्यापासून भरून आले होते, आणि बोटे काही केल्या मिटेनात. "आता बांबू धरता यायचा नाही," ते म्हणाले. "राहू दे." मग ते झाडाच्या मुळाशी हळूहळू टेकले आणि त्याने सशाला जवळ बोलावले.

"काय रे, दिसला का?"

"काय, आजोबा?"

"समुद्र."

सशाने चकित होऊन अस्वलाकडे पाहिले. म्हणजे ते चमकणारे, ते जमिनीच्या पलीकडचे, तो समुद्र होता! "तुम्ही नाही पाहिलात?" त्याने विचारले.

"मी तुला धरलं होतं ना," अस्वल म्हणाले.

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच सशाला ते फार लागले. आपल्याला मोठे व्हायची घाई होती, आणि तेवढ्यासाठी या म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोरून काय निघून गेले, हे त्याला एकदम कळले. त्याला रडू आले, पण रडून अस्वलाला काही दिसणार नव्हते. म्हणून त्याने डोळे पुसले, अस्वलाच्या मांडीवर चढून बसला आणि सांगू लागला.

"तो फार लांब होता, आजोबा. जमीन संपली ना, की लगेच तोच. मध्ये काही नाही. आधी मला वाटलं आभाळच खाली पडलंय. पण तो हलत होता. अख्खाच्या अख्खा हलत होता. आणि त्याला पलीकडचा काठच नव्हता."

"काठच नव्हता?" अस्वलाने डोळे मिटून विचारले.

"नाही. मी खूप शोधला."

रांगेतले सगळे प्राणी जवळ येऊन उभे राहिले होते. झोका रिकामा लोंबत होता, आणि त्याच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते. अस्वलाने डोळे मिटलेलेच ठेवले. मग ते हळूच म्हणाले, "पुन्हा सांग, बाळ. पहिल्यापासून सांग."

आणि ससा पहिल्यापासून सांगू लागला.

तात्पर्य : लहानांसाठी आखलेली मर्यादा त्यांना कमी लेखण्यासाठी नसते. ती चुकवून जो पुढे जाऊन बसतो, त्याला सांभाळता सांभाळता शेजारच्या कुणाचा तरी समुद्र पाहायचा राहून जातो.