पिवळूची फिल्म

त्या दिवशी सकाळपासून सुसाट वारा सुटला होता, बाभळीवर कुणाला धड बसवत नव्हतं. पाखरं मोबाइल बाळगायची, त्या काळातली ही गोष्ट. सुगरण पक्ष्यांत नर अर्धं घरटं विणतो आणि मादीला पसंत पडलं तरच पुरं करतो. पिवळूचं घरटं ओढ्यापल्याड दूर होतं, म्हणून तो घरट्याच्या फिल्मचं कार्ड चोचीत धरून बाभळीवर रेवाकडे आला. यंदा जोडी न ठरलेली ती एकटीच उरली होती.

रेवाच्या जुन्या फोनात फिल्म उघडेना, नुसतं चक्र फिरत राहिलं.

"अहो, अजून किती वेळ?" रेवानं उडायला पंख सावरले.

"भारी फॉरमॅट आहे, धागा न् धागा दिसतो," पिवळू फांदीवर येरझारा घालत म्हणाला. "साध्या फॉरमॅटातली पण आहे, पण ती जरा धूसर दिसते."

"मला कुठे धागे मोजायचेत? वाऱ्यात घरटं टिकतं का, तेवढं दाखवा."

साधी फिल्म लगेच चालली. घरटं झोके खात होतं, पण सुटत नव्हतं.

"घ्या पुरं करायला," रेवा म्हणाली.

पिवळूच्या जिवात जीव आला. तेवढ्यात शेजारच्या ढोलीतली म्हातारी खार म्हणाली, "बाबा, घरट्याचं दार तिच्या अंगाच्या मापानं ठेवतोस, मग फिल्म तेवढी आधी स्वतःच्या मापाची कशी रे लावलीस?"