तीन वेळा नको

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध संगणकतज्ज्ञ राहत असत. सगळा तालुका त्यांना कारखानीस सर म्हणून ओळखे. उभी हयात मोठमोठ्या कचेऱ्यांसाठी प्रोग्राम लिहिण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या रक्तदाता मंडळाची नोंदवही संगणकावर सांभाळण्याचं व्रत घेतलं. त्यांच्या हाताखाली हर्षला धायगुडे नावाची एक तरुणी काम शिकत होती. बुद्धी तल्लख, हात चपळ, आणि हट्ट असा, की एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. दोष म्हणाल तर एकच होता. तिला थांबणं म्हणून जमत नसे.

हल्ली प्रोग्राम लिहिण्याची रीत बदलली आहे, हे तुमच्या कानावर आलंच असेल. संगणकाच्या काळ्या पडद्यावर, लुकलुकणाऱ्या रेघेपुढे साध्या मराठीत काम सांगायचं, की आतला कृत्रिम बुद्धीचा सहायक स्वतःच प्रोग्राम लिहितो आणि स्वतःच चालवतो. मात्र चालवण्याआधी तो अदबीने विचारतो, ‘हे चालवू का?’ खाली तीन उत्तरं येतात: हो; नको; हो, आणि पुन्हा विचारू नकोस. हर्षलाने त्यातलं कुठलं निवडून ठेवलं होतं, हे सुज्ञांस सांगणे न लगे!

एका गुरुवारी सकाळी साडेअकराला मंडळाच्या लीलाताईंचा फोन आला.

“अगं हर्षला, फार निकड आहे बघ. एक पोटुशी बाई आहे, उद्या सकाळी ऑपरेशन. रक्तगट ओ निगेटिव्ह, मिळता मिळत नाही. ज्यांनी तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही ना, त्या दात्यांची नावं काढ. तीनपर्यंत दे हं, एकेकाला फोन करण्यात संध्याकाळ होते.”

“तीन कशाला ताई? पाच मिनिटांत देते!”

आणि ताईंच्या तोंडचं वाक्यच तिने जसंच्या तसं पडद्यावर उतरवलं. ‘तीन महिन्यांत रक्त न दिलेल्या दात्यांची नावं काढ.’ मिळाली नावं की त्यातून रक्तगट निवडू, असा तिचा हिशेब. सहायकाने विचारलं नाही, कारण त्याला विचारू नकोस असं बजावलेलं होतं. क्षणभराने उत्तर उमटलं, ‘काम पूर्ण. ३१७ नावं काढली.’

यादी मात्र कुठेच दिसेना. हर्षलाने इथे पाहिलं, तिथे पाहिलं, शेवटी नोंदवही उघडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या भाषेत यादी काढतात, चित्र काढतात आणि पायातला काटाही काढतात. मराठी माणसाचं त्यावाचून काही अडत नाही, प्रसंग पाहून तो अर्थ लावतो. सहायकाने आपल्या मतीप्रमाणे लावला. त्याने तीनशे सतरा माणसं नोंदवहीतून समूळ काढून टाकली होती.

दुसरी एखादी असती तर सारवासारव करत बसली असती. हर्षला तडक सरांच्या खोलीत गेली. “सर, मी घोळ घातलाय,” म्हणाली, आणि काय झालं ते काहीही न लपवता सांगितलं.

सरांनी तिच्या संगणकापाशी येऊन शांतपणे विचारलं, “दर रविवारी वहीची एक प्रत निघते. ती आहे ना?”

“आहे.”

“मग काही बुडालं नाही. सरक, मी बघतो.”

“नाही सर,” हर्षला जागची हलली नाही. “चूक माझी आहे. निस्तरणार मीच.”

“उत्तम. तू निस्तर. पण दोन अटी. ते ‘विचारू नकोस’ आधी बंद कर. आणि सहायक विचारेल तेव्हा उत्तराची कळ मी दाबणार.” एवढं बोलून ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

हर्षलाने लिहिलं, ‘रविवारची प्रत परत आण.’ सहायकाने भराभर दहा-बारा ओळी लिहिल्या आणि विचारलं, ‘हे चालवू का?’ सरांनी कळ दाबली. नको.

“अहो सर!”

“हे चाललं तर काय होईल? तुझ्या शब्दांत सांग.”

“सोपं आहे. आजच्या वहीच्या जागी रविवारची वही येईल. म्हणजे गेलेली सगळी नावं…” ती मध्येच थबकली. आदल्या दिवशी, बुधवारी, एसटीच्या आगारात नावनोंदणीचं शिबिर झालं होतं. रक्त घेतलं नव्हतं. रक्तगट तपासून त्रेचाळीस जणांची नावं तेवढी लिहून घेतली होती. ती नावं संध्याकाळी बसून तिनेच वहीत भरली होती. रविवारच्या प्रतीत ती कुठून असणार? “अगं बाई! कालचे सगळे गेले असते.”

तिने पुन्हा लिहिलं, या वेळी जपून. ‘रविवारच्या प्रतीतून फक्त पुसली गेलेली नावं आजच्या वहीत परत घाल. बाकी कशालाही हात लावू नकोस.’ सहायकाने लिहिलं, विचारलं. सरांनी दाबलं, नको.

“सर, पण हे बरोबर आहे!”

“असेलही.”

“मग?”

“सांग.”

आता मात्र तिला राग आला. पण हट्टी माणसाचा राग कामाला जुंपला, की त्यासारखं बळ नाही. ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. प्रत्येक ओळ काय करते ते मराठीत सांगायचं, अडलं तर मागे जायचं, सहायकालाच विचारायचं, पुन्हा सांगायचं. अर्धा-पाऊण तास गेला. चूक एकही सापडली नाही. तिचं सांगून होताच सरांनी ‘हो’ दाबलं आणि तीनशे सतरा नावं वहीत परतली. हर्षलाने डोळे पुसले. घड्याळात एक वाजून गेला होता.

राहिली यादी. तिने लिहिलं, ‘ज्यांनी गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही, अशा दात्यांची यादी तयार कर. वहीत काहीही बदलू नकोस.’ आणि ती खुर्चीला टेकली. सहायकाने विचारलं. सरांनी तिसऱ्यांदा दाबलं, नको.

“सर!” ती उभीच राहिली. “तिकडे ती बाई जीव मुठीत धरून बसलीय आणि इकडे तुम्ही माझी परीक्षा घेताय! नुसती यादी तर आहे. हिच्यात काय बिघडणार?”

“तीनला अवकाश आहे. बस. सांग.”

ती दातओठ खात बसली. “शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख बघायची.”

“हं.”

“तीन महिन्यांपूर्वीची असेल तर नाव घ्यायचं. अलीकडची असेल तर सोडायचं.”

“हं.”

“आणि तारीख नसेल…” तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा. “सर, तारीखच नसेल तर काय, ते यात लिहिलेलंच नाही! कालच्या त्रेचाळीस जणांनी मंडळात अजून रक्तच दिलेलं नाही, त्यांची तारखेची जागा रिकामी आहे. ते सगळे सुटणार. आणि फोन करायचा तर आधी त्यांनाच करायला हवा!”

तिने काम नव्याने सांगितलं, नव्या ओळी वाचून दाखवल्या. सरांनी ‘हो’ दाबलं. रक्तगटासह तीनशे साठ नावांची यादी दोन वाजून दहा मिनिटांनी लीलाताईंकडे गेली.

हर्षलाने खुर्ची सरांकडे वळवली. मग म्हणाली, “सर, ती शेवटची चूक तुम्हाला आधीच दिसली होती ना?”

सर हसले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दिसणार कशी? हा मगापासून खिशात आहे. पडद्यावरचं अक्षरही मला लागत नव्हतं.”

“म्हणजे? मग तुम्ही नको कशाच्या आधारावर म्हणत होता?”

“तुझ्या. सहायक विचारायचा अवकाश, तू माझ्या बोटाकडे बघायचीस. पडद्याकडे एकदाही नाही. बाळ, तो ‘चालवू का’ विचारतो तेव्हा पुढे जे होईल त्याचं ओझं तुझ्या खांद्यावर ठेवत असतो. दुसऱ्या वेळी तुझं बरोबर होतं, पण ते बरोबर आहे हे तुला ठाऊक नव्हतं, नुसतं वाटत होतं. काम त्याने करावं, खुशाल करावं, माझ्यापेक्षा शतपट वेगाने करतो तो. पण काय होणार हे आपल्या तोंडाने सांगता येत नाही, तोवर ‘हो’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.”

हर्षलाने मान डोलावली. ऐकलं होतं, पटलंही होतं. अंगात मुरायला मात्र आणखी तीन तास जावे लागले.

पाचच्या सुमारास लीलाताईंचा फोन आला. “हर्षला, मिळाला गं बाई दाता! तुझ्या यादीत ओ निगेटिव्हचे चौघं निघाले. दोघं परगावी, एक तापाने आडवा. चौथा म्हणजे एसटीचा वाहक आहे, कालच नाव नोंदवलंय म्हणे. आजची फेरी दुसऱ्याच्या गळ्यात मारून निघालाय इकडे. त्या बाईच्या नवऱ्याला सांगितलं तर तो पोरासारखा रडायला लागला. तुझे उपकार झाले गं.”

“माझे नाहीत, ताई,” हर्षला कशीबशी म्हणाली. “मी दोनदा त्याला सोडूनच चालले होते.”

ताईंना त्यातलं काही कळलं नाही. हर्षलाने फोन ठेवला. पडद्यावर सहायक एका किरकोळ दुरुस्तीसाठी थांबला होता, ‘हे चालवू का?’ सर केव्हाच घरी गेले होते, शेजारची खुर्ची रिकामी होती. हर्षलाने कळेवरचं बोट उचललं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

आपणही दिवसाकाठी किती ठिकाणी ‘हो’ म्हणतो. त्यातलं किती आपल्याला सांगता येईल, एवढं आज झोपण्याआधी मोजून पाहावं.