खिंडीतलं गाठोडं

“सूनबाई लाकडं आणायला जाते, की लाकडं उगवायला जाते?” एक सासू म्हणाली. म्हणाली ती सासऱ्यांना, पण ऐकलं सुनेनं. ती भिंतीपलीकडे भाकऱ्या थापत होती. “उद्या उशीर झाला, की तिचं बोचकं बांधते. केरबानं तिला माहेरी सोडून यावं.”

तर ही गोष्ट त्या सुनेची, बरं का. तिचं नाव येसू. नवीनच लग्न होऊन घाटाखालच्या गावात आलेली. सासरी आल्यापासून ‘हं’ याच्यापुढे तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. केरबा म्हणजे तिचा नवरा. माणूस चांगला, पण आईसमोर त्याचंही ‘हं’च.

आता सासू काही वाईट नव्हती. पण त्या गावाची झोपच नाहीशी झाली होती. जेवणं व्हायची, माणसं आडवी व्हायची आणि आढ्याकडे बघत पडायची. मग दिवसभर तांबड्या डोळ्यांनी एकमेकांवर खेकसायची. सासू आमटीत दोनदा मीठ घालायची आणि सासरे त्यावरून तीनदा भांडायचे. कोंबड्यानं तर आरवणंच सोडलं. उठवायचं कुणाला?

आणि येसूला उशीर का व्हायचा, तेही सांगते. लाकडं मिळायची वर खिंडीत. तिथूनच बाजारचा रस्ता. चढून आलेला माणूस डोक्यावरचं ओझं खाली ठेवतो, दम खातो. पण ते परत डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो ना? तो हात येसूचा. कोण, कुठला, ती विचारायची नाही. ओझं उचलून द्यायची, डोक्यावरची चुंबळ सारखी करायची, की झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, आज वेळेवर घरी. भराभर मोळी बांधली आणि निघाली. तर वाटेत एक कुंभारीण, माठांची पाटी घेऊन बसलेली. येसूनं पाटी उचलून दिली. मग भेटला एक कोंबडीवाला. येसूनं त्याचं खुराडं उचलून दिलं. एका कोंबडीनं आभार म्हणून तिच्या बोटाला टोचलं. ऊन उतरायला लागलं. येसू रोजची वाट सोडून जवळच्या वाटेनं झपाझप चालू लागली.

मग खिंडीच्या तोंडाशी दिसली एक म्हातारी. पुढ्यात गाठोडं. केवढं? तुमच्या उशीएवढं.

“बाई, हात लावतेस?” म्हातारी म्हणाली.

येणारेजाणारे हसत होते. “अगं म्हातारे, हे तर काखेत मावेल.” हसायचे नि पुढे जायचे.

येसूनं सूर्याकडे पाहिलं. सासूचं बोलणं आठवलं. आणि डोक्यावरची मोळी खाली ठेवली.

एका हातानं उचलायला गेली. गाठोडं हलेना. मग पदर खोचला, दोन्ही हात लावले. गुडघ्यापर्यंत आलं आणि परत खाली. मग ती जरा थांबली. एकटी असताना आपण मोळी कशी उचलतो? एकदम नाही. आधी धोंड्यावर, मग खाली बसून डोक्यावर. माणसाला चढायला पायरी लागते, तशी ओझ्यालाही. मग तिनं आपली मोळी धोंड्यावर आडवी घातली. म्हातारीला शेजारी बसवलं. दातओठ खाऊन गाठोडं गुडघ्यावर घेतलं, गुडघ्यावरून मोळीवर, आणि मोळीवरून म्हातारीच्या डोक्यावर.

मोळी कडाकडा मोडली. लाकडं गेली गडगडत दरीत. म्हातारी मात्र ताठ उभी राहिली.

“डोक्यावर आलं की हलकं, बाई. उचलतानाच जड,” ती म्हणाली. “तुमच्या गावाची झोप आहे यात. इथं टेकले, नि उचलून द्यायला कुणी मिळेना. माग, काय हवं?”

येसूनं गावाकडे बोट दाखवलं. म्हणजे, आधी चला.

घरी ओट्यावर बोचकं बांधून तयार. केरबा वहाणा घालून उभा.

“उशीर तर केलासच,” सासू म्हणाली. “लाकडं कुठं आहेत?”

येसूनं रिकामे हात पुढे केले.

“नेऊन सोड हिला, केर...”

आणि सासूला आली जांभई. एवढी मोठी, की लेकाचं नाव त्यातच गेलं. गल्लीतून म्हातारी चालली होती ना. सासरे खांबाला टेकले, ते तिथंच घोरायला लागले. केरबा वहाणांसकट आडवा झाला. येसूनं एकेकाच्या अंगावर घोंगडी घातली, आणि मग ती झोपली.

सकाळी सासू उठली. अंगावरची घोंगडी बघत बसली. मग तिनं बोचक्याची गाठ आपल्या हातानं सोडली आणि येसूची लुगडी परत दांडीवर टाकली. पुढे ते सगळे सुखानं नांदले, सारं गाव गाढ झोपू लागलं. तुम्हीपण मिटा बघू डोळे. सांगायचं राहिलं ते एवढंच, की त्या सकाळी सासू कोयता हातात देत म्हणाली, “आज तरी वेळेवर ये गं बाई.”

नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं. पण येसू म्हणाली, “नाही, आत्याबाई. वाटेत कुणाचं ओझं असेल, तर उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या.”